समुपदेशकाला परवाना कोण देतं?

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांचा मुद्दा असलेल्या एका प्रकरणात देशभरातल्या शिक्षणसंस्थांना काही सूचना दिल्या. त्यातली एक अशी की, शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा. मुलांच्या आणि किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण त्या व्यक्तीने घेतलेलं असावं. पुढच्याच महिन्यात यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, वेगळा निर्णय जाहीर झाला. मानसशास्त्राचे अभ्यासक्रम यापुढे दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवता येणार नाहीत, असं विद्यापीठांना सांगण्यात आलं.

शाळा समुपदेशक शोधू लागल्या आणि पत्राद्वारे एमए करून समुपदेशक होऊ पाहणारे गोंधळले. पालकांना वाटतं, नेमलेला माणूस 'पात्र' आहे हे आपण ओळखायचं कसं? विद्यार्थ्यांना वाटतं, नेमकं कोणतं शिक्षण घेतलं की आपण पात्र ठरतो? दोघांचाही प्रश्न खरं तर एकच आहे. लोकांच्या मनाशी काम करण्याची परवानगी या देशात कोण देतं?

याचं थेट उत्तर काहींना धक्का देईल. मानसोपचारतज्ज्ञ आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट या नावांभोवती कायद्याचं कुंपण आहे. 'समुपदेशक' आणि 'थेरपिस्ट' या नावांभोवती ते वर्षानुवर्षं नव्हतं. ते घालण्यासाठी २०२१ मध्ये कायदा झाला, पण त्याची अंमलबजावणी अजून रखडत चालली आहे.

आधी कोण कोण आहे ते पाहू

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकिअ‍ॅट्रिस्ट. हे डॉक्टर असतात. एमबीबीएस झाल्यावर त्यांनी मानसोपचार या विषयात एमडी, डीएनबी किंवा पदविका घेतलेली असते. त्यांची नोंदणी राज्याच्या वैद्यक परिषदेकडे होते, आपल्याकडे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे. मनाच्या आजारावर गोळ्या लिहून देण्याचं काम त्यांचं.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मनाचे आजार तपासतात आणि त्यांवर बोलण्यातून उपचार करतात, पण गोळ्या देत नाहीत. त्यांच्यापैकी काहींच्या नावाआधी 'डॉ.' असतं ते पीएचडीमुळे. मानसशास्त्रात एमए किंवा एमएस्सी झाल्यावर दोन वर्षं पूर्णवेळ, रुग्ण असतील अशा ठिकाणी, वरिष्ठांच्या हाताखाली केलेलं एमफिल ही त्यांची आजवरची रूढ वाट. ती आता बदलते आहे. नव्या शैक्षणिक धोरणात एमफिल ही पदवीच बंद झाली. या विषयापुरती तिला २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत मुदतवाढ मिळाली, आणि तिच्या जागी नवे अभ्यासक्रम आणले जात आहेत. या लोकांची नोंदणी आरसीआयकडे, म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेकडे होते.

मनोरुग्णालयांत सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्कर असतात. रुग्णाचं घर, नोकरी, नातेवाईक ही बाजू ते सांभाळतात. त्यांचं काम फार मोलाचं आहे आणि त्याची दखल फार कमी घेतली जाते.

यानंतर येतात समुपदेशक, थेरपिस्ट, सायकोथेरपिस्ट. या नावांखाली फार वेगवेगळी माणसं उभी आहेत. समुपदेशन मानसशास्त्रात दोन वर्षांचं एमए करून, प्रत्यक्ष कामाचे तास भरून, आजही दर आठवड्याला वरिष्ठांशी आपल्या केसेसची चर्चा करणारी व्यक्ती इथे आहे. शनिवार-रविवारची कार्यशाळा करून सोमवारी पाटी लावणारी व्यक्तीही इथेच आहे. बाहेरून बघणाऱ्याला दोघांत फरक दिसत नाही, आणि माझ्या मते सगळ्या गोंधळाचं मूळ हेच आहे.

परवाना म्हणजे नक्की काय?

गाडी चालवता येणं वेगळं आणि लायसन्स असणं वेगळं. लायसन्स हातात आहे म्हणून माणूस उत्तम गाडी चालवतो असं नाही. पण त्याने कुठेतरी, कुणासमोर तरी चालवून दाखवलेली असते. त्याच्या नावावर एक नंबर असतो. त्याने कुणाला उडवलं तर त्या नंबरावरून तो सापडतो आणि त्याचं लायसन्स रद्द करता येतं.

समुपदेशनातल्या परवान्याचा अर्थही हाच. ती गुणवत्तेची हमी नाही. ज्या यादीतून नाव कापता येतं, अशा यादीत नाव असणं म्हणजे परवाना. पदवी एकदा मिळाली की विद्यापीठ ती सहसा परत घेत नाही, मग तुम्ही पुढे कसेही वागा. प्रमाणपत्र देणारी संस्थाही फी घेऊन मोकळी होते. परवाना देणारी परिषद मात्र नंतरही तुमच्या मागे उभी असते. तुम्ही नीट वागलात तर तुमच्या बाजूने, नाही वागलात तर तुमच्या विरोधात.

जिथे ही व्यवस्था रुळली आहे तिथे तिचे टप्पे साधारण सारखे दिसतात. आधी पदव्युत्तर शिक्षण. मग देखरेखीखालचं काम, ज्याला या क्षेत्रात सुपरव्हिजन म्हणतात. त्यात नवखा समुपदेशक प्रत्यक्ष लोकांना भेटतो आणि प्रत्येक केस अनुभवी व्यक्तीसमोर उलगडून मांडतो. त्यानंतर परीक्षा, आणि पुढे दर काही वर्षांनी नूतनीकरण. अमेरिकेत हा परवाना राज्य सरकारं देतात. बहुतेक राज्यांत पदवीनंतर दोन ते चार हजार तास देखरेखीखाली काम करावं लागतं. तिथेही हे एका रात्रीत झालं नाही. समुपदेशकांसाठी पहिला परवाना कायदा व्हर्जिनियाने १९७६ मध्ये केला, आणि कॅलिफोर्नियाचा झाला थेट २००९ मध्ये.

ब्रिटनमध्ये चित्र वेगळं आहे. तिथे 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' हे नाव कायद्याने राखीव आहे, पण 'काउन्सेलर' आणि 'सायकोथेरपिस्ट' ही नावं नाहीत. म्हणजे हा पेच फक्त भारताचा नाही.

इथे एक बारकावा लक्षात ठेवायला हवा, कारण पुढचे वाद त्याच्याभोवतीच फिरतात. कायदा दोन गोष्टी राखून ठेवू शकतो, नाव किंवा काम. आपल्याकडे वास्तुविशारदांचं उदाहरण आहे. १९७२ च्या कायद्याने 'आर्किटेक्ट' हे नाव राखीव आहे, प्रत्यक्ष काम नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. समुपदेशनात फक्त नाव राखून ठेवलं तर कुणीही 'समुपदेशक' ऐवजी 'माइंडसेट कोच' अशी पाटी लावेल आणि तेच काम करत राहील. कामच राखून ठेवलं तर आई, मित्र, शिक्षक, कीर्तनकार सगळेच कायद्याच्या कचाट्यात येतील. दोन्हींच्या मधली रेषा आखणं हे कायदा करणाऱ्यांचं सगळ्यात अवघड काम आहे.

पाटीवरचा एक एक शब्द वाचू

समजा एका केंद्राच्या पाटीवर असं लिहिलं आहे: 'समुपदेशक व लाइफ कोच. सर्टिफाइड सीबीटी प्रॅक्टिशनर. आंतरराष्ट्रीय समुपदेशन संघटनेचे सदस्य. शासनमान्य, आयएसओ प्रमाणित केंद्र.'

'समुपदेशक' या शब्दाने काही सिद्ध होत नाही, हे वर आलंच. 'लाइफ कोच' या नावाला आपल्याकडे कायद्यात कुठलीच व्याख्या नाही.

सीबीटी ही विचार आणि वागणं यांवर काम करणारी, भरपूर संशोधनाचा आधार असलेली उपचारपद्धती आहे. पण 'सर्टिफाइड' म्हणजे कुणी सर्टिफाय केलं? काही तासांचे रेकॉर्ड केलेले व्हिडिओ पाहून आणि शेवटी दहा-वीस बहुपर्यायी प्रश्न सोडवूनही असं प्रमाणपत्र मिळतं. महिनोन्महिने प्रत्यक्ष सराव करूनही मिळतं. दोन्ही कागद फ्रेममध्ये सारखेच दिसतात.

'सदस्य' म्हणजे फी भरून फॉर्म दिलेला. काही संघटना खरोखर चांगल्या आहेत, त्यांची आचारसंहिता आहे, तक्रारी ऐकणारी समिती आहे. पण संघटनेने काढून टाकलं तरी ती व्यक्ती दुसऱ्या दिवशी दुकान उघडू शकते. सदस्यत्व आणि परवाना यांत हा फरक आहे.

'शासनमान्य' म्हणजे बऱ्याचदा संस्थेची न्यास किंवा कंपनी म्हणून नोंद झालेली असते, किंवा छोट्या व्यवसायांच्या सरकारी नोंदणीचं, म्हणजे उद्यम प्रमाणपत्र काढलेलं असतं. उद्यम नोंदणी आपणच दिलेल्या माहितीवर होते आणि ती व्यवसाय अस्तित्वात असल्याचा पुरावा आहे, पात्रतेचा नाही. आयएसओ कारभाराच्या पद्धतीबद्दल बोलतं, खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या प्रशिक्षणाबद्दल नाही.

एवढी मोठी पाटी वाचून हाती काय लागलं? पदवी कोणती, कुठून, आणि नाव कुठल्या यादीत आहे, यांपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर नाही. असं लिहिणारा प्रत्येक जण लबाड असतो असं मुळीच नाही. पुष्कळांना स्वतःलाच वाटत असतं की एवढं पुरेसं आहे.

दोन कायदे आणि त्यांच्यामधली फट

आरसीआयचा कायदा १९९२ चा. तो मूळचा अपंग व्यक्तींच्या पुनर्वसनासाठी झाला. विशेष शिक्षक, श्रवणतज्ज्ञ, कृत्रिम अवयव बसवणारे तंत्रज्ञ अशा व्यावसायिकांबरोबर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टही त्यात आले. त्यामुळे मनावर उपचार करणाऱ्या एका महत्त्वाच्या व्यवसायाचं नियमन अपंग पुनर्वसनाच्या कायद्यातून होत राहिलं. परिषदेकडे केंद्रीय पुनर्वसन नोंदवही असते. तिच्यात नाव नसताना हा व्यवसाय केला तर एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. दंडाच्या आकड्यावरूनच कायद्याचं वय कळतं.

समुपदेशन मानसशास्त्रात रीतसर एमए केलेल्यांची या व्यवस्थेत पंचाईत होते. ती पदवी आरसीआयच्या नोंदवहीत प्रवेश देत नाही. शिक्षण आहे, कामाची तयारी आहे, पण नोंदणी करायला खिडकीच नाही. अशा प्रामाणिक तरुण समुपदेशकांना लोक विचारतात, "तुमच्याकडे लायसन्स आहे का?" त्यांना 'नाही' म्हणावं लागतं, आणि त्यात त्यांचा काहीच दोष नसतो.

मग आला मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चा. तो मे २०१८ पासून लागू झाला. रुग्णाच्या हक्कांच्या दृष्टीने हा फार चांगला कायदा आहे. त्याने प्रत्येक राज्यात मानसिक आरोग्य प्राधिकरण नेमायला लावलं, आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसिक आरोग्य परिचारिका व सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्कर यांची नोंदणी करून यादी प्रसिद्ध करण्याचं काम त्या प्राधिकरणाला दिलं. या यादीतही समुपदेशक नाही.

आणखी एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. या कायद्याखाली 'मानसिक आरोग्य आस्थापने'ची नोंदणी सक्तीची आहे, पण आस्थापना म्हणजे जिथे मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला दाखल करून ठेवलं जातं अशी जागा. दोन खुर्च्या, एक टेबल आणि टिश्यूचा डबा असलेली समुपदेशनाची खोली त्या व्याख्येत बसत नाही.

२०२१ च्या कायद्याने काय बदलतं?

संसदेने २०२१ मध्ये डॉक्टर आणि परिचारिका सोडून आरोग्यक्षेत्रातल्या इतर व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापन करणारा कायदा केला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला एनसीएएचपी कायदा म्हणतात. फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ, लॅब टेक्निशियन यांच्याबरोबर त्यात वर्तन-आरोग्य हा स्वतंत्र गट आहे. मानसशास्त्रज्ञ, वेगवेगळ्या प्रकारचे आरोग्य समुपदेशक, वैद्यकीय आणि सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्कर, मानसिक आरोग्य साहाय्यक हे सगळे या गटात येतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना आरसीआयकडेच ठेवलं आहे.

कायद्याची रचना सोपी आहे. केंद्रातला आयोग अभ्यासक्रमाचा दर्जा ठरवेल, राज्याची परिषद नोंदवही ठेवेल, आणि नोंदवहीत नाव नसताना या नावाने काम करणाऱ्याला दंड होईल. यूजीसीचा दूरस्थ शिक्षणाचा निर्णय याच कायद्यातून आला. मानसशास्त्र हा आरोग्यव्यवसाय मानला की तो प्रत्यक्ष माणसांसमोर बसून शिकायला हवा, हे ओघानेच येतं. मला हा निर्णय तत्त्वतः पटतो. पण नोकरी करून किंवा घर सांभाळून शिकणाऱ्यांचं, त्यातही बायकांचं, यात मोठं नुकसान आहे. संध्याकाळचे किंवा अर्धवेळ वर्ग सुरू करून ते भरून काढायला हवं. फक्त दार बंद करून चालणार नाही.

अडचण अंमलबजावणीची आहे. राज्यांनी सहा महिन्यांत परिषदा स्थापन करायच्या होत्या. तीन वर्षं उलटली तरी अनेक ठिकाणी काही झालं नव्हतं. शेवटी ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. राज्याची नोंदवही प्रत्यक्ष चालू होत नाही तोवर समुपदेशकाकडे नोंदणी क्रमांक मागणं त्याच्यावर अन्याय करणारं ठरतं, आणि न मागणं आपल्यावर.

"नुसतं बोलायचंच तर असतं, त्याला परवाना कशाला?"

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो. त्याला उत्तर द्यायचं तर समुपदेशनाच्या खोलीत नक्की काय घडतं ते जवळून पाहावं लागेल.

एक बाई येऊन म्हणते, "दोन महिने कशात मन लागत नाही. सारखी झोप येते, वजन वाढलंय, रडू येतं." ऐकणारा चांगल्या मनाचा पण अप्रशिक्षित असेल तर तो धीर देईल, सकाळी फिरायला जा म्हणेल, कृतज्ञतेची वही लिहायला सांगेल. प्रशिक्षित व्यक्ती आधी विचारेल, "थायरॉइड तपासलंय का?" कारण थायरॉइडची ग्रंथी मंदावली की नेमकं असंच चित्र दिसतं आणि त्यावर बोलण्याचा उपचार चालत नाही. पुढे ती विचारेल, "याआधी कधी असे दिवस आले होते का, की झोप कमी होऊनही थकवा नाही, डोक्यात कल्पनांचा पूर, भरमसाट खर्च?" उत्तर 'हो' आलं तर हे साधं नैराश्य नसून बायपोलर आजार असू शकतो, आणि त्याची औषधं वेगळी असतात. मग आवाज न चढवता, नजर न चुकवता ती विचारेल, "जगणं नको, स्वतःला संपवावं, असं मनात येतं का?" हा प्रश्न विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट अनेकांना कुणीतरी विचारलं याचंच हायसं वाटतं. पण तो विचारायला आणि उत्तर 'हो' आलं तर पुढची पंधरा मिनिटं काय करायचं हे कळायला शिकावं लागतं, कुणाच्या तरी हाताखाली चुकत-चुकत.

याशिवाय या नात्यात ताकद एकाच बाजूला असते. समोरच्याने आपली सगळ्यात दुखरी गोष्ट तुमच्या हातात दिलेली असते. तिचा फायदा घेऊन जवळीक साधणं, उसने पैसे मागणं, घरच्यांना परस्पर सांगणं, हे सगळं घडू शकतं. २०१७ च्या कायद्याने मानसिक आजारावर उपचार करणाऱ्या आरोग्य व्यावसायिकांवर गोपनीयतेचं बंधन घातलं आहे, आणि कुणाच्या जिवाला धोका असेल तर ते किती सैल करायचं हेही सांगितलं आहे. ज्याची व्यावसायिक म्हणून कुठे नोंदच नाही, त्याला हे बंधन लागू होतं का, यावरच वाद घालत बसावं लागेल. एक बंधन मात्र नोंदणी असो-नसो सगळ्यांना आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवावंच लागतं. चांगला समुपदेशक हे अपवाद पहिल्याच भेटीत सांगतो.

"आधीच माणसं कमी, त्यात परवान्याची अट?"

या आक्षेपात खरंच दम आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर शंभर प्रौढांपैकी दहाहून अधिक जणांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं आढळलं. उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचं प्रमाण वेगवेगळ्या आजारांसाठी ७० ते ९२ टक्के होतं. देशात लाखामागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. अशा वेळी फक्त पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांनाच परवानगी दिली, तर शहरांतल्या काही भागांपलीकडे कुणालाच काही मिळणार नाही.

पण याचं उत्तर गोव्यात सापडतं. तिथे 'संगथ' या संस्थेने सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना समुपदेशनाची एक ठरावीक पद्धत शिकवली आणि तीव्र नैराश्य असलेल्यांसोबत सहा ते आठ भेटींचं काम त्यांच्याकडे दिलं. त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. या भेटी मिळालेल्यांमध्ये सुधारणा स्पष्टपणे अधिक होती.

अनेक जण या उदाहरणाचा अर्थ 'म्हणजे शिक्षणाची गरज नाही' असा काढतात. तसा तो नाही. या समुपदेशकांना निवडून घेतलं होतं, एकच पद्धत नीट शिकवली होती, त्यांच्या भेटींची ध्वनिमुद्रणं सहकारी आणि तज्ज्ञ ऐकून गुण देत होते, आणि कुठली केस पुढे पाठवायची हे आधीच ठरलेलं होतं. म्हणजे पदवी नव्हती, पण देखरेख आणि मर्यादा होत्या. परवान्याची व्यवस्था पायऱ्यापायऱ्यांची असावी असं मला वाटतं ते यामुळेच. गावातल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यासाठी एक पायरी, शालेय समुपदेशकासाठी दुसरी, गंभीर आजारांवर काम करणाऱ्यासाठी तिसरी. प्रत्येकाची वेगळी यादी, वेगळी मर्यादा, आणि प्रत्येक यादीतून नाव कापण्याची सोय. जे आधीपासून वर्षानुवर्षं चांगलं काम करत आहेत त्यांना अनुभवाच्या आधारावर सामावून घेण्याची ठरावीक मुदतही हवी. इतर देशांनी परवाना सुरू करताना हेच केलं.

"परवाना असलेलेही वाईट वागतात"

वागतात. समलिंगी व्यक्तींना 'बरं' करण्याच्या नावाखाली चाललेले अघोरी उपचार हे त्याचं ठळक उदाहरण. त्यात नोंदणीकृत डॉक्टरही होते. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये याची गंभीर दखल घेतली, आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने अशा 'कन्व्हर्जन थेरपी'ला व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. आता एखाद्या डॉक्टरने हे केलं तर वैद्यक परिषद कारवाई करू शकते. हाच प्रकार नोंदणी नसलेल्या समुपदेशकाने केला, तर त्याला हा नियमच लागू होत नाही. वाईट वागणूक दोन्हीकडे आहे. तक्रार घेऊन जायला दार मात्र एकाच बाजूला आहे.

ऑनलाइन थेरपिस्ट आणि चॅटबॉट

ॲपवरून बोलणारी व्यक्ती दुसऱ्या देशात असेल तर तिचा परवाना सहसा तिच्या प्रदेशापुरता असतो. अमेरिकेत तर एका राज्याचा परवाना शेजारच्या राज्यात आपोआप चालत नाही. तेव्हा 'परदेशी परवानाधारक' या शब्दांनी तुम्हाला इथे फारसं संरक्षण मिळत नाही. चॅटबॉटचा प्रश्न याहून नवा आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने ऑगस्ट २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेला स्वतंत्रपणे थेरपी देण्यास बंदी घातली. यंत्राचं नाव कुठल्या यादीतून कापणार, हा त्यामागचा साधा विचार आहे.

पहिल्या भेटीत काय विचारावं?

विचारायला संकोच वाटतो, हे मला माहीत आहे. आपण आधीच मोडकळीला आलेलो असतो आणि समोरचा माणूस आपल्यापेक्षा शहाणा वाटतो. तरीही विचारा. फोनवर, वेळ ठरवतानाच विचारलं तर सोपं जातं. "तुमचं शिक्षण काय आणि कुठून झालं? प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण कुणाच्या हाताखाली घेतलंत? आता तुमच्या केसेसवर कुणाशी चर्चा करता? कुठल्या प्रकारच्या अडचणी तुम्ही घेत नाही?" यातला शेवटचा प्रश्न फार बोलका आहे. 'सगळं घेतो' म्हणणाऱ्यापेक्षा 'व्यसनमुक्तीसाठी मी दुसऱ्यांकडे पाठवते' म्हणणारीवर विश्वास ठेवावा.

समोरची व्यक्ती स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असेल तर आरसीआयच्या संकेतस्थळावर नोंदवहीत नाव शोधता येतं. डॉक्टर असेल तर वैद्यक परिषदेच्या यादीत. हे दोन मिनिटांचं काम आहे. समुपदेशक असेल तर वरचे प्रश्न हाच आजचा आधार.

काही गोष्टी ऐकल्या की मात्र उठून यावं. 'डॉक्टरांच्या गोळ्या बंद करा, मी बरं करतो' ही त्यातली पहिली. गोळ्या सुरू करणं किंवा थांबवणं हे समुपदेशकाचं काम नाही, आणि काही औषधं अचानक थांबवली तर त्रास जिवावर बेतू शकतो. दुसरी गोष्ट म्हणजे अमुक भेटींत पूर्ण बरं करण्याची हमी आणि त्यासाठी सगळे पैसे आगाऊ. तिसरी, खोलीबाहेरची जवळीक, मग ती कितीही आपुलकीची वाटली तरी.

आज रात्रीच कुणाशी तरी बोलायची गरज असेल तर या चौकशीत वेळ घालवू नका. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आणि दिवसरात्र चालते, आणि मराठीतही बोलता येतं.

काही बिघडलंच तर

डॉक्टरबद्दल तक्रार असेल तर ती राज्याच्या वैद्यक परिषदेकडे जाते, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टबद्दलची आरसीआयकडे. रुग्णालयात दाखल असताना मिळालेल्या वागणुकीबद्दल आधी तिथल्या प्रमुखाकडे, मग मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे, आणि तिथेही समाधान झालं नाही तर राज्य प्राधिकरणाकडे जाता येतं.

नोंदणी नसलेल्या समुपदेशकाबाबत आज दोन वाटा उरतात. खोट्या पदव्या सांगून पैसे घेतले असतील तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची पोलीस तक्रार होऊ शकते. दुसरी वाट ग्राहक आयोगाची. फी घेऊन दिलेली सेवा आणि दिशाभूल करणारी जाहिरात यांबद्दल जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर अर्जाला शुल्क लागत नाही, आणि वकील नेमण्याची सक्तीही नाही. तिथे पहिला कागद मागतात तो पैसे दिल्याचा, म्हणून प्रत्येक भेटीची पावती नाव आणि तारखेसह घ्यावी, आणि मेसेज पुसून टाकू नयेत.